पोस्टफिक्स गेटवेवर ‘अनव्हेरिफाइड ॲड्रेस’चा ४५० पुन्हा पुन्हा येतो तेव्हा

बाहेरून कुणी मेल पाठवतं आणि त्यांच्या सर्व्हरला आपल्या गेटवेकडून (बाहेरचा मेल आधी घेऊन आतल्या सर्व्हरकडे देणारा, पोस्टफिक्स हा मेल-प्रोग्रॅम चालवणारा सर्व्हर) ४५०, म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’ असा तात्पुरता नकार, मिळतो: ‘रेसिपियंट ॲड्रेस रिजेक्टेड: अनव्हेरिफाइड ॲड्रेस’. पत्ता बरोबर असतो. मेलबॉक्स चालू असतो. ऑफिसातल्या ऑफिसात त्याच पत्त्यावर पाठवलेला मेल लगेच पोचतो. तीन-चार तासांनी बाहेरचा मेलही आपसूक येतो, त्यामुळे कुणी खोलात जात नाही. पंधरवड्याने पुन्हा तीच तक्रार, फक्त पत्ता दुसऱ्याच कुणाचा. अशा वेळी बरेच ॲडमिन वैतागून पत्ता-पडताळणीच बंद करतात, आणि मग गेटवे कुठल्याही खोट्या पत्त्यावरचा मेल घेतो, आतला सर्व्हर तो नाकारतो आणि बाउन्स, म्हणजे ‘मेल पोचला नाही’ ही सूचना, भलत्याच निरपराध माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतो. त्यापेक्षा मूळ शोधलेलं बरं. ते सापडतं, कारण पोस्टफिक्स सगळं लॉगमध्ये लिहून ठेवतो. आपण वाचतो ती ओळ मात्र बहुतेक वेळा चुकीची असते.

पुढे आज्ञा, सेटिंग आणि लॉगच्या ओळी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर आणि फाइलमध्ये त्या अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

पडताळणी नेमकी होते कशी

एसएमटीपीमध्ये, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या भाषेत, पत्ता तपासायला व्हीआरएफवाय नावाची आज्ञा पूर्वीपासून आहे, पण स्पॅमवाले तिच्यावरून पत्ते गोळा करतात म्हणून आज बहुतेक सर्व्हर तिला २५२ असं मोघम उत्तर देतात किंवा ती बंदच ठेवतात. म्हणून २००४ साली आलेल्या पोस्टफिक्स २.१ मध्ये वेगळा मार्ग आला. गेटवे एक प्रोब, म्हणजे मजकूर नसलेला चाचणी-मेल तयार करतो आणि नेहमीच्या मेलच्याच वाटेने आतल्या सर्व्हरकडे पाठवतो. हेलो (ओळख), मेल फ्रॉम (पाठवणारा), आरसीपीटी टू (घेणारा) इथपर्यंत संभाषण होतं, आरसीपीटीचं उत्तर मिळालं की प्रोब तिथेच थांबतो. मेल पोचवला जात नाही. मिळालेलं उत्तर ‘व्हेरिफाय’ नावाच्या डीमनच्या (मागे चालू राहणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॅशमध्ये जातं आणि बाहेरच्या सर्व्हरला काय सांगायचं ते त्यावरून ठरतं.

म्हणजे बाहेरच्या माणसाने आपल्याला पाठवलेला ४५० ही ऐकीव बातमी आहे. मूळ घटना प्रोबच्या वेळी घडलेली असते, आणि कदाचित दोन तासांपूर्वी, तिसऱ्याच कुणाच्या मेलमुळे. निदान करायचं तर प्रोबची ओळ शोधायची.

लॉगमध्ये दोन वेगळ्या ओळी असतात. पहिली एसएमटीपीडीची, म्हणजे बाहेरचा मेल घेणाऱ्या भागाची, बाहेरच्याला नाकारल्याची:

नोक्यू: रिजेक्ट: आरसीपीटी फ्रॉम मेल.बाहेरचे.एक्झाम्पल[१९२.०.२.२५]: ४५० ४.१.१ <लेखा@संस्था.एक्झाम्पल>: रेसिपियंट ॲड्रेस रिजेक्टेड: अनव्हेरिफाइड ॲड्रेस: …

दुसरी एसएमटीपी क्लायंटची, प्रोब आतल्या सर्व्हरकडे गेल्याची:

टू=<लेखा@संस्था.एक्झाम्पल>, रिले=आतला.संस्था.एक्झाम्पल[१९८.५१.१००.१०]:२५, डीएसएन=४.२.०, स्टेटस=अनडिलिव्हरेबल (होस्ट आतला.संस्था.एक्झाम्पल सेड: ४५० ४.२.० … ग्रेलिस्टेड … (इन रिप्लाय टू आरसीपीटी टू कमांड))

प्रोब ओळखायचा तो पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून. क्यू मॅनेजरच्या (मेलची रांग सांभाळणाऱ्या भागाच्या) ओळीत ‘फ्रॉम=<डबल-बाउन्स@…>’ दिसलं की त्या क्यू-आयडीचा धागा धरायचा. प्रोब यशस्वी झाला तर स्टेटस ‘डिलिव्हरेबल’ असतो.

दुसऱ्या ओळीतल्या ‘अनडिलिव्हरेबल’ या शब्दावर मात्र विसंबू नका. आतल्या सर्व्हरने कायमचा नकार दिला तरी पोस्टफिक्स हाच शब्द लिहितो आणि ‘थोड्या वेळाने या’ म्हटलं तरी हाच लिहितो. फरक डीएसएनच्या, म्हणजे ओळीतल्या ४.२.० सारख्या स्थिती-कोडच्या, पहिल्या आकड्यात आहे. ४ असेल तर तात्पुरतं, ५ असेल तर कायमचं. एसएमटीपीडीच्या ओळीत हा फरक शब्दातही उतरतो: तात्पुरत्या नकाराला ‘अनव्हेरिफाइड ॲड्रेस’, कायमच्या नकाराला ‘अनडिलिव्हरेबल ॲड्रेस’. पण बाहेर जाणारा कोड मूळ सेटिंगनुसार दोन्ही वेळा ४५०च असतो. म्हणून नुसत्या ४५० वरून काहीच ठरत नाही.

तीन तासांचं कोडं

आता ‘तीन-चार तासांनी आपोआप सुरळीत’ या लक्षणाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त डोकेदुखी त्याचीच आहे.

व्हेरिफायची कॅश होकार आणि नकार वेगवेगळ्या मुदतीने सांभाळते. होकार ७ दिवसांनी ताजा करायचा, ३१ दिवसांनी बाद. नकार ३ तासांनी ताजा करायचा, ३ दिवसांनी बाद. या मूळ मुदती आहेत आणि बहुतेक ठिकाणी कुणी त्या बदललेल्या नसतात. कळीचा मुद्दा हा की कॅशच्या दृष्टीने ‘होकार नाही’ ते सगळं नकारातच जमा होतं. आतल्या सर्व्हरने ५५० दिला, ४५० दिला, कनेक्शनच लागलं नाही, डीएनएस सापडलं नाही, सगळ्याला तीच ३ तासांची मुदत.

आता समजा आतला सर्व्हर रविवारी रात्री अपडेटसाठी दहा मिनिटं बंद होता. त्या दहा मिनिटांत बाहेरून ज्या पत्त्यांवर मेल आला आणि ज्यांचा होकार कॅशमध्ये नव्हता, त्यांचे प्रोब फसले. सर्व्हर परत उभा राहिला तरी त्या पत्त्यांची नोंद फसलेलीच राहिली. प्रोब पुन्हा आपणहून पाठवला जात नाही. नेहमीचा मेल जसा क्यूमध्ये राहून पुन्हा प्रयत्न करतो तसं प्रोबचं नसतं. तीन तास उलटल्यावर त्या पत्त्यासाठी बाहेरून पुन्हा कुणी आलं की मगच नवा प्रोब निघतो, आणि तेव्हाही समोरच्याला आधी जुनं उत्तर दिलं जातं, प्रोब नंतर सुटतो. म्हणजे त्या फेरीलाही ४५०. त्याच्या पुढच्या फेरीला मेल आत. तीन तास आणि वर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरची एक फेरी, असा तो हिशेब आहे. मोठे मेल-पुरवठादार फेऱ्यांमधलं अंतर वाढवत नेतात, त्यामुळे प्रत्यक्षात चार-पाच तासही जातात.

ज्यांना रोज मेल येतो त्यांचा होकार कॅशमध्ये असल्यामुळे त्यांना काहीच जाणवत नाही. क्वचित मेल येणारे पत्ते तेवढे अडकतात: निविदा, तक्रार, प्रवेश असल्या नावाचे, महिन्यातून चार दिवस जागे होणारे. त्यामुळे तक्रार दर वेळी वेगळ्या माणसाची येते आणि ‘यात काही सूत्रच नाही’ असं वाटतं. सूत्र आहे. तक्रारीच्या वेळेच्या मागचे तीन तास प्रोबच्या ओळी चाळा, पहिला फसलेला प्रोब सापडतो आणि कारणही त्याच ओळीत असतं.

दोन गेटवे असतील तर गोंधळ दुप्पट. प्रत्येकाची कॅश स्वतंत्र असते. एकाकडे होकार, दुसऱ्याकडे फसलेला प्रोब, आणि पाठवणारा कधी या एमएक्सवर (डोमेनचा मेल घेणाऱ्या सर्व्हरवर) जातो कधी त्या. लॉग दोन्हींकडचा पाहायचा.

सर्व्हर बंद असण्याखालोखाल दिसणारं कारण म्हणजे आतल्या सर्व्हरवरचं ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी मेलला आधी मुद्दाम ‘थोड्या वेळाने या’ म्हणणं. गेटवेच्या मागे ग्रेलिस्टिंगला काही अर्थच नाही, कारण मागच्या सर्व्हरला सगळा मेल एकाच आयपीवरून दिसतो. पण जुनं कॉन्फिगरेशन तसंच पुढे सरकलेलं असतं. पोस्टग्रे हा ग्रेलिस्टिंगचा प्रोग्रॅम मूळ सेटिंगने अनोळखी मेलला ३०० सेकंद थोपवतो. नेहमीच्या मेलला ही पाच मिनिटं सोसवतात, पण प्रोब एकदाच जातो, म्हणून पाच मिनिटांचे तीन तास होतात. उपाय एकच: आतल्या सर्व्हरच्या ग्रेलिस्टिंगमधून गेटवेचा आयपी वगळायचा. आयपीव्ही६ चालू असेल तर तो पत्ताही.

त्याबरोबर नकार ताजा करण्याची मुदतही कमी करावी असं माझं मत आहे. ‘ॲड्रेस_व्हेरिफाय_निगेटिव्ह_रिफ्रेश_टाइम’ १० किंवा १५ मिनिटांवर आणली तर छोट्या बंदचा परिणाम छोटाच राहतो. आतल्या सर्व्हरवर प्रोबचा भार थोडा वाढतो, पण खोट्या पत्त्यांचा भडिमार होत नसेल तर तो जाणवत नाही. ‘ॲड्रेस_व्हेरिफाय_निगेटिव्ह_कॅश’ सरळ ‘नो’ करण्याचा सल्ला काही जण देतात. तो मी देणार नाही. मग प्रत्येक खोट्या पत्त्यासाठी दर वेळी नवा प्रोब निघतो, आणि शब्दकोश घेऊन पत्ते आजमावणारा एखादा स्पॅमर आपल्याच गेटवेच्या हातून आतल्या सर्व्हरला जेरीस आणतो.

‘व्हेरिफिकेशन इन प्रोग्रेस’

या मजकुराने आलेला ४५० वेगळा. याचा अर्थ उत्तर अजून आलेलंच नाही. एसएमटीपीडी व्हेरिफायला विचारतो, ३ सेकंद थांबतो, पुन्हा विचारतो, असं तीनदा. एवढ्यात, म्हणजे साधारण ६ सेकंदांत, प्रोब परतला नाही तर बाहेरच्याला ‘इन प्रोग्रेस’ सांगून वाटेला लावतो. सर्व्हर ताणाखाली असेल तर विचारणा एकदाच होते. नव्या पत्त्याच्या पहिल्या मेलला हे एकदा झालं तर काळजीचं कारण नाही.

मागे मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज असेल आणि तो आरसीपीटीलाच नकार देत असेल तर न-असलेल्या पत्त्यांसाठी हे बऱ्याचदा दिसू शकतं, कारण एक्स्चेंजचा रिसीव्ह कनेक्टर नकार देताना मुद्दाम ५ सेकंद रेंगाळतो. पुढच्या फेरीला ‘अनडिलिव्हरेबल’ येतं. यात बिघाड काही नाही.

पण तोच पत्ता, तोच मजकूर, फेरीमागून फेरी येत असेल तर प्रोब कुठेतरी हरवतोय. अशा वेळी वाट पाहावी लागते, कारण उत्तर न आलेल्या प्रोबच्या मागे व्हेरिफाय १००० सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांच्या आत, दुसरा प्रोब सोडत नाही. एकापाठोपाठ एक चाचणी मेल पाठवून निष्कर्ष काढू नका. त्याऐवजी क्यू पाहा: डबल-बाउन्सकडून निघालेला मेल ॲक्टिव्ह क्यूमध्ये अडकलेला दिसला तर आतल्या सर्व्हरशी कनेक्शन लागायलाच वेळ जातोय, किंवा डीएनएस धिमं आहे.

डेबियन आणि उबुंटूवर एक खास जागा तपासायची. तिथे एसएमटीपी क्लायंट अनेकदा क्रूटमध्ये, म्हणजे एकाच फोल्डरपुरता कोंडून, चालतो आणि त्याला स्पूल डिरेक्टरीतल्या ‘ईटीसी’मधली रिझॉल्व्ह.कॉन्फ (नेमसर्व्हर कोणता ते सांगणारी फाइल) दिसते, मुख्य फाइल नाही. नेमसर्व्हर बदलला, मुख्य फाइल सुधारली, ‘डिग’ व्यवस्थित उत्तर देतं, आणि प्रोब मात्र ‘होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन’ म्हणतात. दोन्ही फाइल ‘डिफ’ने ताडून पाहिल्या की दोन मिनिटांत उलगडा होतो. पोस्टफिक्स पुन्हा सुरू केला की प्रत ताजी होते.

आतला सर्व्हर पत्त्याला नाही, प्रोबला नाकारतोय

हे सगळ्यात घातक, म्हणून थोडं सविस्तर.

प्रोब डबल-बाउन्स@मायओरिजिन या नावाने जातो. मायओरिजिन म्हणजे गेटवेच्या स्वतःच्या मेलला लागणारं डोमेन. (पोस्टफिक्स २.५ च्या आधी तो पोस्टमास्टरच्या नावाने जायचा.) गेटवे उभारताना मायओरिजिनकडे लक्ष दिलं नसेल तर तिथे कधी यजमानाचं अंतर्गत नाव असतं, कधी ‘लोकलडोमेन’. बाहेरून येणारा नेहमीचा मेल बाहेरच्याच पाठवणाऱ्याच्या नावाने आत जातो, त्यामुळे त्याला काही होत नाही. प्रोबला मात्र आतला सर्व्हर म्हणतो: ‘सेंडर ॲड्रेस रिजेक्टेड: डोमेन नॉट फाउंड’. मग घेणाऱ्याचा पत्ता खरा असो की खोटा, उत्तर तेच.

कंसात शेवटी कोणत्या आज्ञेला नकार मिळाला ते लिहिलेलं असतं आणि ‘इन रिप्लाय टू मेल फ्रॉम’ दिसलं तर गोष्ट उघड आहे. पण आतही पोस्टफिक्सच असेल तर तो मूळ सेटिंगने पाठवणाऱ्याबद्दलचा नकारसुद्धा आरसीपीटीपर्यंत राखून ठेवतो. तेव्हा कंसात ‘आरसीपीटी टू’ दिसतं आणि आपण घेणाऱ्याच्या मेलबॉक्सकडे पाहत बसतो. आज्ञेचं नाव वाचा, पण मजकूर शब्दन् शब्द वाचा. ‘सेंडर’ आहे की ‘रेसिपियंट’, एवढ्या एका शब्दावर सगळं निदान फिरतं.

याच कुळातली आणखी दोन कारणं. पहिलं एसपीएफ, म्हणजे डोमेनच्या नावाने कोणत्या आयपीवरून मेल निघू शकतो याची डीएनएसमधली नोंद: मायओरिजिन संस्थेचंच मुख्य डोमेन आहे, त्याच्या एसपीएफ नोंदीत शेवटी कडक नकार आहे आणि गेटवेचा आयपी त्यात नाही, कारण गेटवे फक्त मेल घेतो, पाठवत नाही असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. प्रोब पाठवतो तो गेटवेच. दुसरं कारण उलट पडताळणीचं: समोरचा सर्व्हर डबल-बाउन्स@… हा पत्ता खरा आहे का ते त्या डोमेनच्या एमएक्सला विचारतो. एमएक्स पोस्टफिक्स असेल तर तो पत्ता घेतो आणि आलेला मेल गुपचूप टाकून देतो. पण एमएक्स दुसऱ्या कुणाकडे असेल तर तिथे असा मेलबॉक्स नसतोच आणि प्रोब फसतो.

उपाय असा: ‘ॲड्रेस_व्हेरिफाय_सेंडर’मध्ये असा पत्ता द्यायचा ज्याचं डोमेन डीएनएसमध्ये आहे, ज्याच्या एसपीएफमध्ये गेटवे आहे आणि जो मेल स्वीकारतो. गेटवेचं स्वतःचं पूर्ण यजमान-नाव त्यासाठी सोयीचं. रिकामा पत्ता, म्हणजे नुसता <>, देता येतो, पण काही सर्व्हर रिकाम्या पाठवणाऱ्याला नाकारतात. आतला सर्व्हर आपल्या ताब्यात असेल तरच तो वापरावा.

घातक का म्हटलं ते आता. बरेच जण ‘अनव्हेरिफाइड_रेसिपियंट_रिजेक्ट_कोड’ ४५० वरून ५५० वर नेतात, म्हणजे खोट्या पत्त्यांवर पाठवणाऱ्याला लगेच कायमचा नकार मिळावा. हेतू चांगला आहे. पण एसपीएफची नोंद कुणी बदलली आणि आतला सर्व्हर प्रोबलाच ५५० द्यायला लागला, तर कॅशमध्ये नसलेल्या प्रत्येक खऱ्या पत्त्यावरचा मेल कायमचा परत जातो. ४५० असता तर उशिरा का होईना पोचला असता. प्रोब व्यवस्थित जात आहेत याची काही आठवडे लॉग पाहून खात्री झाल्याशिवाय तो कोड ५५० करू नये.

हाताने तपासणी करायची ती गेटवेवरूनच, आपल्या लॅपटॉपवरून नाही. स्वाक्स हे एसएमटीपी तपासायचं साधन असेल तर ‘--क्विट-आफ्टर आरसीपीटी’ देऊन, ‘--फ्रॉम’मध्ये तंतोतंत प्रोबचाच पत्ता घालून आतल्या सर्व्हरकडे जा. एकदा खऱ्या पत्त्यासाठी, एकदा मनाने रचलेल्या पत्त्यासाठी. पहिल्याला २५० आणि दुसऱ्याला ५५० यायला हवा. दोन्हींना ५५० आला तर प्रोब नाकारला जातोय. दोन्हींना २५० आला तर पुढचा भाग वाचा. आतला सर्व्हर दुसऱ्या टीमकडे असेल तर हे दोन्ही संवाद वेळेसकट त्यांना पाठवा. ‘मेल येत नाही’ या तक्रारीपेक्षा त्यावर काम लवकर होतं.

सगळ्यांनाच होकार

इथे तक्रार उलटी असते: गेटवे काहीही स्वीकारतो आणि क्यू बाउन्सनी भरते. प्रोब सर्वांत जवळच्या सर्व्हरशीच बोलतो. मध्ये रिलेहोस्ट (मेल पुढे देणारा मधला सर्व्हर) असेल आणि तो सगळ्याला हो म्हणत असेल तर पडताळणीला अर्थ उरत नाही. ‘ॲड्रेस_व्हेरिफाय_रिलेहोस्ट’ रिकामं ठेवून किंवा ‘ॲड्रेस_व्हेरिफाय_ट्रान्सपोर्ट_मॅप्स’ देऊन प्रोबला थेट मेलबॉक्स सर्व्हरकडे वळवता येतं.

काही सर्व्हर आरसीपीटीला हो म्हणतात आणि डेटा आज्ञेला नाही म्हणतात. त्यांच्यासाठी पोस्टफिक्स ३.० पासून ‘एसएमटीपी_ॲड्रेस_व्हेरिफाय_टार्गेट’ ‘डेटा’ करता येतं. एक्स्चेंज २०१३ पासून पुढे मात्र त्यानेही भागत नाही: तिथे २५ नंबरच्या पोर्टवर नकार येतो तो सगळा मजकूर पाठवून झाल्यावर, आणि प्रोब मजकूर कधीच पाठवत नाही. अँटीस्पॅम एजंट बसवून रेसिपियंट फिल्टर चालू केला आणि प्रोब २५२५ पोर्टकडे वळवले तर आरसीपीटीलाच खरं उत्तर मिळतं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा एलडॅपमधून (संस्थेच्या खात्यांच्या डिरेक्टरीतून) पत्त्यांची यादी काढून ‘रिले_रेसिपियंट_मॅप्स’ला दिली तर बरं, असं मला वाटतं. यादी मिळत असेल तिथे प्रोबची गरजच पडत नाही.

उलट बाजूची एक गोष्ट कळली नाही तर माणूस चक्रावतो. मेलबॉक्स काढून टाकला तरी गेटवे त्या पत्त्याला तीन-चार आठवडे होच म्हणत राहतो. पोस्टफिक्समध्ये ही जाणूनबुजून केलेली सोय आहे: कॅशमधल्या होकाराची मुदत संपेपर्यंत फसलेल्या प्रोबला तो होकार पुसू दिला जात नाही, म्हणजे आतला सर्व्हर क्षणभर बंद पडला तर खरे पत्ते नाकारले जाऊ नयेत. त्याची किंमत ही. ज्या संस्थेत माणसं वरचेवर येतात-जातात तिथे ३१ दिवस आठवड्यावर आणि ७ दिवस एका दिवसावर आणलेले बरे.

कॅश उघडून पाहणं

फाइल डेटा डिरेक्टरीत असते, ‘व्हेरिफाय_कॅश.डीबी’. चालू फाइलवर ‘पोस्टमॅप -एस’ चालवलं तर ते लटकून राहतं, कारण व्हेरिफायने तिच्यावर लॉक धरलेलं असतं. प्रत काढा, ती रूटच्या फोल्डरमध्ये ठेवा (आत सगळ्यांचे पत्ते असतात, ‘टेम्प’मध्ये टाकू नका), आणि प्रतीवर ‘पोस्टमॅप -एस बीट्री:’ चालवा. नाव देताना ‘.डीबी’ गाळायचं.

प्रत्येक पत्त्यासमोर असं काही दिसतं: १:०:१७१८०००००० आणि पुढे समोरच्या सर्व्हरचं उत्तर. पहिला आकडा निकाल: ० होकार, १ तात्पुरता नकार, २ कायमचा, ३ उत्तर बाकी. दुसरा, प्रोब सोडल्याची वेळ, उत्तर आलेलं असेल तर ०. तिसरा, नोंद बदलल्याची वेळ, युनिक्स सेकंदांत. ‘डेट -डी @’ने तिची घड्याळी वेळ काढा. एकाच दहा-पंधरा मिनिटांच्या पट्ट्यात १ च्या ढीगभर नोंदी दिसल्या तर त्या वेळी आतला सर्व्हर बंद होता, आणि इथे दुसरा पुरावा लागत नाही.

एखादीच नोंद काढायचा मोह होतो, पण चालू फाइलशी खेळू नका. फाइल बिघडली असेल किंवा सगळं नव्याने हवं असेल तर तिचं नाव बदला किंवा ती काढून टाका आणि ‘पोस्टफिक्स रिलोड’ करा. रिकामी करायची नाही, काढायचीच. ती फाइल भरत आलेल्या डिस्कवर ठेवू नये हेही तितकंच महत्त्वाचं, कारण ती बिघडली की मेल घेणंच थांबतं.

ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केल्यानंतर पडताळणी अचानक पूर्ण बंद पडली असेल तर ‘पोस्टकॉन्फ -एम’ चालवून यादीत ‘बीट्री’ आहे का ते पाहा. अल्पाइनसारख्या काही वितरणांनी बीट्रीला लागणारं बर्कली डीबी काढून टाकलं आहे. तिथे ‘ॲड्रेस_व्हेरिफाय_मॅप’ला एलएमडीबीची फाइल द्यायची.

एक्झिम असेल तर

सीपॅनेल या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलवर मेल असणाऱ्यांकडे एक्झिम हा दुसरा मेल-प्रोग्रॅम असतो आणि तिथे यालाच कॉलआउट म्हणतात. निदानाची रीत तीच, आकडे वेगळे: होकार २४ तास, नकार २ तास, आणि पूर्ण डोमेनबद्दलचा निष्कर्ष वेगळा साठवला जातो, होकारार्थी ७ दिवस, नकारार्थी ३ तास. हा डोमेनचा भाग विसरू नका. समोरच्या सर्व्हरने रिकाम्या मेल फ्रॉमला नाही म्हटलं की एक्झिम त्या अख्ख्या डोमेनवर शिक्का मारतो, आणि मग एका पत्त्याची चौकशी करून काही हाती लागत नाही. ‘एक्झिम_डम्पडीबी’ने कॉलआउटची कॅश वाचता येते.

पाठवणाऱ्याच्या पत्त्याची पडताळणी, मग ती पोस्टफिक्सची असो की एक्झिमची, सरसकट सगळ्या जगासाठी चालू ठेवू नये. आपल्याकडे आलेल्या प्रत्येक बनावट स्पॅमसाठी आपण कुणा तिऱ्हाइताच्या सर्व्हरचं दार ठोठावतो, आणि तो आपल्याला ब्लॉकलिस्टमध्ये टाकतो. मग आपले प्रोब फसतात, त्यामुळे खरा मेल अडतो. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याचं डोमेन तपासणाऱ्या पद्धती हे काम कुणाला त्रास न देता करतात. घेणाऱ्याच्या पडताळणीतही ‘रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट’ हे ‘रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन’च्या नंतरच हवं, आधी असेल तर बाहेरचा कुणीही आपल्याकडून जगातला कुठलाही पत्ता तपासून घेतो.

देवनागरी पत्ते

.भारत डोमेन २०१४ पासून मिळतं आणि मराठीत पत्ता घेणारे आता भेटतात. @ च्या आधीचा भाग देवनागरीत असेल तर प्रोबला एसएमटीपीयूटीएफ८ (रोमनबाहेरच्या अक्षरांचे पत्ते चालवणारी एसएमटीपीची सोय) लागतं. पोस्टफिक्स ३.० पासून ते जाणतो आणि प्रोबसाठी गरज आपणहून ओळखतो. आतल्या सर्व्हरने ईएचएलओच्या (हेलोच्या नव्या रूपाच्या) उत्तरात ते जाहीर केलं नसेल तर प्रोबच्या ओळीत ‘एसएमटीपीयूटीएफ८ इज रिक्वायर्ड, बट वॉज नॉट ऑफर्ड बाय होस्ट’ असं येतं, डीएसएन ५.६.७. हा कायमचा नकार आहे, मुदती बदलून किंवा कॅश पुसून तो जाणार नाही. आतल्या सर्व्हरवर ती सोय चालू करावी लागेल, आणि तो जुना असेल तर त्या माणसाला रोमन अक्षरांतला दुसरा पत्ताही द्यावा लागेल. नुसतं डोमेन देवनागरीत आणि नाव रोमनमध्ये असेल, तर डोमेन एक्सएन-- ने सुरू होणाऱ्या रूपात लिहून प्रोब करून पाहा. जुने सर्व्हर तो पत्ता बहुधा बिनतक्रार घेतात.